वहीत आईचं नाव

(कम्युनिटी रेडिओवरील भाषण)



भाकऱ्या उरकल्या असतील, धारा निघाल्या असतील. घडीभर बसा. गेल्या वेळी आपण गटाच्या कर्जफेडीबद्दल बोललो होतो. आज शाळेच्या एका सहलीबद्दल बोलायचं आहे. सहल पोरांची होती, पण धडा आम्हा बायकांना मिळाला. तो तुमच्याही कामाला येईल म्हणून सांगतोय.

गोष्ट डिसेंबर 2023 ची. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. चौथीच्या गुरुजींनी ठरवलं की यंदा पोरांना बागा आणि पाळणे दाखवायचे नाहीत. पुस्तकात जे राजे, कायदे आणि कारभार येतात, ते कुठं घडलं आणि आज कुठं चालतं हे दाखवायचं. सकाळी गावातली ग्रामपंचायत आणि मग दिवसभर कोल्हापूर.

शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय आला. ही समिती कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत असते. तिच्यात बहुतेक पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या असतात. आमच्या गटातल्या तिघी त्या समितीवर आहेत. बैठकीत कळलं की सात पोरांच्या घरून पैसे येणार नाहीत. एस.टी. शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत देते, तरी जेवणखाण आणि तिकिटं धरून दीडशे रुपये लागत होते. दीडशे म्हणजे फार नाहीत असं वाटेल. पण ज्या घरी एकटीच्या रोजगारावर चार तोंडं आहेत, तिथं ती दीड दिवसाची चूल असते.

विषय गटाच्या बैठकीत निघाला. एक काकू म्हणाल्या, "गटाचा पैसा कर्जाला असतोय. आज सहलीला दिला तर उद्या लग्नाला मागतील." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपण पै-पै जमवतो ती वाटून टाकायला नाही. तेवढ्यात एकीनं भिंतीवरच्या दशसूत्रीकडं बोट केलं. आपण प्रत्येक बैठकीत ती म्हणतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर फेड, चोख हिशेब. ही पहिली पाच सूत्रं आपली तोंडपाठ आणि अंगवळणी पडलेली असतात. त्याच्या पुढं शिक्षणही आहे आणि पंचायत राजमधला सहभागही आहे. ती मात्र आपण नुसती म्हणतो. मग ठरलं की सात जणींना बिनव्याजी उचल द्यायची आणि फेड महिन्याला पंचवीस रुपयांची. अर्धा तास भांडलो, पण ठराव लिहून सह्या केल्या. पोरांना सांभाळायला गटातल्या दोघींनी बरोबर जायचं असंही ठरलं.

सहलीच्या दिवशी सकाळी साडेसातला पोरं ग्रामपंचायतीत जमली. ग्रामसेवक भाऊसाहेब लवकर आले होते. त्यांनी पोरांना घरपट्टीची पावती दाखवली, जन्माच्या नोंदीची वही दाखवली, गावाचा नकाशा दाखवला. सदस्य कसे निवडून येतात, निम्म्या जागा बायकांना कशा आहेत ते सांगितलं. आपल्या राज्यात हा कायदा 2011 साली झाला. मग ते म्हणाले, "पोरांनो, गावात सगळ्यांत मोठं कोण? सरपंच?" पोरं ओरडली, "होय." भाऊसाहेब म्हणाले, "न्हाई. ग्रामसभा मोठी. गावातला अठरा वर्षांवरचा प्रत्येक मतदार तिचा सभासद." आणि त्यांनी ग्रामसभेची वही उघडून टेबलावर ठेवली. एका बाजूला ठराव आणि एका बाजूला हजर लोकांच्या सह्या.

पोरं आपापल्या घरची नावं शोधायला लागली. एका पोरीला आईचं नाव सापडलं. नाव आणि पुढं सही. ती हरखली. "बाई, माझी आई बघा! आई ग्रामसभेला गेलती!" तिची आई आमच्या गटातलीच आहे. नवरा करोनात गेला, तेव्हापासून ती भांगलणीला, ऊसतोडीला, मिळेल त्या कामाला जाते. सात उचलींतली एक तिचीच होती. आणि सहलीबरोबर जायला आम्ही निवडलेल्या दोघींपैकी एकही तीच होती, कारण त्या दिवशी तिला काम नव्हतं.

पोरगी तिच्याकडं वळून म्हणाली, "आई, तू मला सांगितलं न्हाईस. काय बोललीस तिथं?"

ती बाई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मी न्हाई गेलो बाळा. घरात येऊन सही न्हेली."

"मग हितं हजर का लिवलंय?"

भाऊसाहेबांनी वही मिटली. गुरुजी म्हणाले, "चला, एस.टी. आली." आम्ही दोघी खाली मान घालून गाडीत बसलो. मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर त्याच पानावर आमच्यातल्या अकरा जणींच्या सह्या होत्या. सभेला गेलेली त्यांत एकही नव्हती.

गाडी कावळा नाक्याला आली तशी पोरं खिडकीला लागली. तिथं घोड्यावर ताराराणींचा पुतळा आहे. आपण बाजाराला जाताना शंभर वेळा बघतो. गुरुजींनी गाडीतच सांगितलं. 1700 साली राजाराम महाराज गेले. पदरात लहान मूल, समोर औरंगजेब. ताराबाईंनी कारभार हातात घेतला आणि पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्याला झुंज दिली. कोल्हापूरची वेगळी गादी उभी राहिली ती त्यांच्यामुळं. आमच्याबरोबरची ती बाई खिडकीतून मागं वळून वळून त्या पुतळ्याकडं बघत होती.

पहिल्यांदा नागाळा पार्कात जिल्हा परिषद बघितली. गावची शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, गावाकडचे कितीतरी रस्ते आणि पाण्याच्या योजना हे सगळं इथून चालतं. एका साहेबांनी पोरांना सभागृहात नेलं. मऊ खुर्च्या, समोर माईक, वर अध्यक्षांची जागा. सगळं रिकामं. एकानं विचारलं, "सगळी माणसं कुठं गेली?" साहेब म्हणाले, "निवडून आलेल्या सदस्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढची निवडणूक अजून झाली नाही. तोवर प्रशासक कारभार बघतात." पोरगं म्हणालं, "म्हणजे खुर्च्या आहेत, पण बोलायला कोण न्हाई?" साहेब हसले. आम्हाला हसू आलं नाही. इथल्या खुर्च्या निवडणूक नाही म्हणून रिकाम्या होत्या. आमच्या गावच्या सभेतल्या आमच्या जागा मात्र आमच्याच पायांनी रिकाम्या राहिल्या होत्या.

तिथून टाऊन हॉलला गेलो. त्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेल्या वस्तू आहेत. पंचगंगेच्या काठावरची ही टेकडी 1945-46 साली खणली, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली. तिथं मिळालेली समुद्रदेवाची काशाची लहान मूर्ती पार रोमन लोकांच्या मुलखातून आलेली आहे. एवढ्या लांबून व्यापार इथवर येत होता म्हटल्यावर पोरांचे डोळे मोठे झाले. बागेत सावली बघून डबे सोडले. धपाटे, चटणी, दशम्या. ज्याच्या डब्यात कमी होतं त्याला दुसऱ्यानं दिलं.

जेवताना समोर सीपीआर दिसत होतं. आपल्यातल्या कितीजणींची बाळंतपणं तिथं झालीत. पूर्वी त्याचं नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं. गुरुजींनी डॉक्टर कृष्णाबाई केळवकरांची गोष्ट सांगितली. त्यांच्या आई रखमाबाई शिकलेल्या होत्या. शाहू महाराजांनी त्यांना मुलींच्या शाळांवर अधिकारी म्हणून नेमलं. लेकीला डॉक्टर होण्यासाठी दरबारानं मदत केली, आणि ती शिकून इथल्याच दवाखान्यात डॉक्टर झाली. बाईमाणसानं उंबरा ओलांडला तरी गावभर चर्चा व्हायची, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग दसरा चौक. मधे शाहू महाराजांचा पुतळा आणि आसपास बोर्डिंगं. 1901 साली मराठा बोर्डिंग निघालं, 1906 साली मुस्लिम बोर्डिंग. तशीच जैन, लिंगायत, दलित अशी जातीजातीच्या पोरांची सोय झाली. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर राहणार कुठं आणि खाणार काय, हा साधा प्रश्न महाराजांनी ओळखला. 1902 साली त्यांनी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या समाजांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे जड काम. हे ऐकून एक पोरगं म्हणालं, "माझ्या बाला लई दंड झाला असता."

बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते डिसेंबर 1950 मध्ये बसवले, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी घडवलेलं संविधान लागू झालं होतं. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात सामील झालं. तोपर्यंत इथं राजाचा शब्द चालायचा. नंतर मत आलं. गुरुजींनी पोरांना समजेल असं सांगितलं: राजा चांगला असला तर राज्य चांगलं, नसला तर नशीब. आता नशिबावर सोडायचं नाही, म्हणून प्रत्येकाला मत दिलं. आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत बायकांनाही पुरुषांच्या बरोबरीनं मत होतं.

शेवटी नवा राजवाडा. पोरांना तिथली हरणं आणि वाघाची मुंडकी आवडली, ते सांगायलाच नको. परत गाडीत बसताना गुरुजींनी एक गोष्ट सांगितली आणि ती आमच्या मनात घर करून राहिली. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी 1918 साली शिकारीत अपघातानं गेले. त्यांची पत्नी इंदुमतीदेवी अगदी लहान वयात विधवा झाल्या. त्या काळी अशा सुनेला कोपऱ्यात बसवायची रीत. महाराजांनी तिला सोनतळीला ठेवून शिकवायची व्यवस्था केली. घरातल्यांचा विरोध होता, तो त्यांनी ऐकला नाही. त्याच काळात, 1917 साली, त्यांनी विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला.

आमच्याबरोबरची ती बाई सगळं ऐकत होती. पोरगी मांडीवर झोपली होती. गाव जवळ आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला त्या वहीत खरं नाव लिवायचंय."

पुढच्या बैठकीत आम्ही ही गोष्ट मांडली. आधी सगळ्याजणींनी कारणं सांगितली. सभेची वेळ कामाची असते. पुरुषांत बोलायचं कसं? नोटीस कळतच नाही. सही दिली नाही तर पुढं घरकुलाचं नाव मागं पडेल ही भीती. कारणं खरी होती. पण म्हातारी एक मावशी बोलल्या, "दोनशे रुपयांचं कर्ज कुणी बुडवलं तर तुम्ही तिच्या दारात जाता. गावाचा पैसा कुठं गेला ते विचारायला लाज वाटती व्हय?"

मग आम्ही नियम समजून घेतले. ते तुम्हीही लक्षात ठेवा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. सभा भरायला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांत जे कमी असेल तेवढी हजर लागतात. घरोघर सह्या का फिरतात ते आता कळलं ना? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची असते. तिथं आपला विषय ठरवायचा, तो मोठ्या सभेत मांडायचा. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा आपला हक्काचा विषय.

26 जानेवारी 2024. झेंडा झाल्यावर महिला ग्रामसभा. आम्ही त्रेचाळीस जणी गेलो. सही कुणीही आधी केली नाही, सभेत बसल्यावर केली. आमचा पहिला विषय शाळेचा. मुलींच्या संडासात पाणी नव्हतं, पोरी दिवसभर पाणी न पिता बसायच्या. दहा टक्क्यांतून नळ आणि टाकी करा, असा ठराव मांडला. मोठ्या सभेत थोडी कुजबुज झाली, पण नाही म्हणायला कुणाकडं कारण नव्हतं. ठराव झाला. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा टाकी बसली होती. कुंपणाचं काम मात्र अजून अडकलंय, आणि आम्ही प्रत्येक सभेला ते विचारतोय.

दुसरा विषय त्या बाईनं स्वतः मांडला. तुम्हाला आठवत असेल, आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ठराव केला. ते शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाल्याचं वर्ष होतं. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद करायच्या, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं सांगितलं.

ती उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी धरलेला. म्हणाली, "माझ्या बांगड्या फोडल्या तवा माझी पोरगी बघत हुती. ती अजून विचारती, तुझ्या बांगड्या का फोडल्या, तू काय केलंतंस? मला जबाब न्हाई. हेरवाडला झालं ते हितं हुंदे."

मैत्रिणींनो, तो ठराव त्या दिवशी झाला नाही. आणि विरोध पुरुषांनी केला नाही, आधी आपल्याच बायकांनी केला. "रीत मोडली तर देव कोपतोय," असं एक आजी म्हणाल्या. त्या आजीही विधवाच. सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. 1 मे ला पुन्हा मांडला, पुन्हा पुढं गेला. वहीत मात्र दोन्ही वेळा विषयाची नोंद झाली, आणि खाली तिची खरी सही आहे.

आम्ही ठरवलं की गावाचा ठराव होईल तेव्हा होईल, गटाचा ठराव तर आपल्या हातात आहे. 2025 च्या संक्रांतीला गटानं हळदीकुंकू घेतलं, त्याला सगळ्या बायकांना बोलावलं. आधी दरवर्षी ती बाई चहा करायला आत बसायची. यंदा ती पुढं बसली. वाण तिच्याच हातून वाटलं. काहीजणी आल्या नाहीत, हे खरं. पण सभेत विरोध करणाऱ्या त्या आजी उशिरा का होईना आल्या. काही बोलल्या नाहीत. तीळगूळ घेतला, तिच्याकडून कपाळाला हळद लावून घेतली आणि बराच वेळ बसून राहिल्या.

ती सात उचलींची फेड सहा महिन्यांत झाली. एक रुपया बुडाला नाही. ज्या काकूंनी विरोध केला होता त्यांनीच यंदा विचारलं, "औंदा पोरास्नी कुठं न्हेताय?"

आता तुमच्यासाठी काम सांगतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आठ दिवस आधी पंचायतीच्या फळ्यावर नोटीस बघा. गटाच्या बैठकीत एकच विषय पक्का करा, पाणी असो, दिवा असो, शाळा असो. पहिल्यांदा दहा विषय घेऊन जाऊ नका. महिला ग्रामसभा घेतली नसेल तर घ्या म्हणून लेखी मागा. ठराव वहीत लिहिला का ते वाचून बघा. आणि दारात वही घेऊन कुणी आलं तर भांडू नका, एवढंच म्हणा, "सही सभेत येऊन करतो."

शाळेचे गुरुजी किंवा बाई तुमच्या ओळखीच्या असतील तर त्यांना सांगा की पोरांना एकदा ग्रामपंचायतीत न्या. पोरं वही उघडून बघतील. आपलं नाव तिथं शोधतील आणि घरी येऊन विचारतील, "आई, तू काय बोललीस?" त्या वेळी आपल्याकडं सांगायला काहीतरी असू दे.

पुढच्या वेळी भेटू. तुमच्या गावच्या ग्रामसभेत काय झालं ते आम्हाला कळवा.